प्रार्थना करूनही घरात चिडचिड होते, संयम कसा वाढवायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॅथलिक आहात, रोज रात्री पूर्ण रोझरी म्हणजे मरियेची जपमाळ म्हणता, तरी दिवसभर पोरांवर आणि सासूबाईंवर चिडचिड होते, मिस्टर शिफ्टला असतात, धाकटं अजून अंगावर पितंय, सासूबाई एकच गोष्ट परत परत विचारतात आणि झोपताना तुम्हाला वाटतं की माझी प्रार्थनाच खोटी आहे. ते शेवटचं वाचलं आणि लिहायला बसले, कारण ते खरं नाहीये.

आधी एक गोष्ट साफ करू. राग येणं हे पाप नाही. आपल्या चर्चच्या कॅटेकिझममध्येच, म्हणजे धर्मशिकवणीच्या पुस्तकातच, आहे की भावना स्वतःहून चांगल्या पण नसतात आणि वाईट पण नसतात, त्यांचं आपण पुढं काय करतो त्यावर सगळं आहे. दूध उतू गेलं, त्याच वेळी धाकटं रडायलंय, दारात सिलिंडरवाला उभाय, अशात डोकं गरम झालं तर ते शरीर आहे, त्यात तुमच्या विश्वासाची परीक्षा कुणी घेत नाही.

मी संभाजीनगरची. आमचं इथलं कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचं, आणि इकडं वैजापूर भागातल्या घोगरगावासारख्या गावांत ज्या फादर लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच मिशन उभं केलं ते पण याच संताच्या नावानं चालणाऱ्या संघाचे. तरी २४ जानेवारीला त्यांचा सण आला की आपण चर्चमध्ये मिस्सा (उपासना) ऐकतो आणि घरी येतो, हा माणूस नेमकं काय शिकवून गेला ते फार कुणी सांगत नाही, मला याचं वाईट वाटतं कारण आपल्यासारख्या बायांच्या लै कामाचं आहे ते. हे जिनिव्हाचे बिशप, १६२२ ला वारले, मूळचे तापट होते असं म्हणतात, आणि त्यांनी १६०९ मध्ये एक पुस्तक काढलं ते मठातल्या लोकांसाठी नाही तर संसारातल्या माणसांसाठी. त्यात रागावर वेगळं प्रकरणच आहे. त्यांचं म्हणणं असं की रागाला दारातच अडवा, कारण "माझं बरोबरच आहे" म्हणत एकदा आत घेतला की तो बाहेर निघत नाही. आलाच तर वादळात शिष्यांनी प्रभू येशूला हाक मारली तशी लगेच हाक मारा. आणि रागाच्या भरात काही झालं तर त्याच माणसाशी लगेच, उशीर न करता, काहीतरी मायेचं करा.

हे तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपण काय करतो, सकाळी पोराला झापतो आणि रात्री देवाजवळ रडतो, पण पोरगं मात्र दिवसभर तोंड पाडून फिरतं, त्याला काहीच कळत नाही. त्यापेक्षा तिथल्या तिथं "अरे माझा आवाज चढला, ये, सांडलेलं आपण दोघं मिळून पुसू" एवढं म्हणा. माफीचं भाषण नको. पोरं दोन मिनिटांत विसरतात, आणि दुसऱ्या वेळी आपलाच आवाज आपोआप खाली राहतो कारण आत कुठंतरी माहिती असतं की चढवला तर परत जाऊन जोडावं लागणारंय. धीर असाच वाढतो बघा, चिडण्याच्या त्या क्षणी तो कुठून पैदा करणार, तो त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर तयार होतो.

आणि याच संतांनी पुढच्याच प्रकरणात सांगितलंय की स्वतःशी पण सौम्य राहा. मी चिडले म्हणून स्वतःवर चिडायचं, मग त्या चिडण्याचं दुःख करत बसायचं, याने मन रागातच मुरत राहतं. तुमचं रात्रीचं ते रडणं मला यातलंच वाटायलंय.

"आधी" म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडं नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं, कधी रात्री अकराला पण येतं, आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचं डोकं फिरलेलं असतं, मोटर लावा, ड्रम भरा, वरची टाकी बघा, शेजारणीचा पाइप. मी ठरवूनच टाकलंय की पाण्याच्या दिवशी स्वयंपाक म्हणजे खिचडी, पोरांचा अभ्यास घ्यायचा नाही आणि कुठल्याच पैशाच्या विषयावर मिस्टरांशी बोलायचं नाही. याला कुणी अध्यात्म म्हणणार नाही पण मी म्हणते. आपण कधी तुटतो हे आपल्याला माहिती असतं ना, मग त्या वेळेवरचं ओझं आधीच काढून ठेवायचं. तुमची ती वेळ कोणती ते दोनचार दिवस नुसतं बघा, बहुतेक पोरं शाळेतून येण्याची नाहीतर संध्याकाळी सहा ते आठची निघेल.

प्रार्थनेचं पण तसंच. दिवसभर उभं राहून रात्री डोळे मिटत असताना रोझरीची पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा नमो मरिया) ओढून पूर्ण करण्यापेक्षा एकच दशक पोरांना जवळ घेऊन म्हणा, देव मोजायला बसलेला नाही. आणि दुपारी बाराला अँजेलस, म्हणजे मरियेची ती छोटी प्रार्थना, म्हणा, गॅस बंद करून, उभ्या उभ्या, तीन नमो मरिया. मी ते धरलंय कारण त्यानंतर लगेच पोरांची रिक्षा येते आणि माझी सगळ्यात अवघड वेळ सुरू होते. "मला संयम दे" अशी मोठी मागणी पण मी करत नाही, "हा एक तास सांभाळ" एवढंच मागते, तेवढं मिळतं.

सासूबाईंचं. माझ्या सासऱ्यांना शेवटी शेवटी विसर पडायचा, "वावरात पाणी सोडलं का" हे ते दिवसभर विचारायचे, आणि वावर तर कधीच विकलेलं. मी प्रत्येक वेळी "हो बाबा, सोडलं" म्हणायचे. समजावून सांगण्यात काही अर्थ नसतो, "आत्ताच तर सांगितलं" म्हणालं की ते घाबरतात, कारण त्यांच्यासाठी तो प्रश्न पहिल्यांदाच असतो. छोटं, तेच, त्याच आवाजात उत्तर द्या. आणि मिस्टरांना सांगा की घरी असाल तेव्हा आईजवळ तुम्ही बसायचं. सून आहे म्हणून सगळा धीर तिनंच धरायचा असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

इथंच एक सांगते, कारण आपल्याकडच्या प्रार्थनासभेत बायांना याचं उलटंच सांगितलं जातं. संत मोनिकाचं उदाहरण देतात, नवरा तापट, सासू कान भरलेली, आणि ही सगळं सहन करत राहिली म्हणून. पण तिचाच मुलगा संत ऑगस्टिन यांनी आपल्या या आईबद्दल लिहिलंय त्यात ती नवरा रागात असताना बोलायची नाही, आणि तो शांत झाला की आपली बाजू नीट समजावून सांगायची. म्हणजे ती बोलायची, वेळ निवडून बोलायची. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या आमोरिस लेतित्सिया या कुटुंबावरच्या पत्रात सरळच सांगितलंय की सहनशील असणं म्हणजे कायम वाईट वागणूक सोसणं किंवा मारहाण खपवून घेणं नव्हे. तुमच्या प्रश्नात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी हात उचलला जात असेल तर बाई, त्याला संयम हे औषध नाही, माहेरी सांग, फादरना सांग, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लाव.

पापनिवेदनाला जाल तेव्हा "मी रागीट आहे" असं मोघम नका सांगू, "मोठ्याला अभ्यास घेताना टोचून बोलले" असं नेमकं सांगा, म्हणजे फादरना पण काही उपयोगाचं सांगता येतं.

आणि ताई, धाकटं अंगावर पितंय म्हणालात, झोप होत नसणार. एकदा दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं की माणूस चिडचिडं होतंच, आणि बाळंतपणानंतर मन उदास राहणं हे पण खरं दुखणं आहे, डॉक्टरला उघड सांगा. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. या आठवड्यातच जा, आणि मिस्टरांना सुट्टी घ्यायला लावून पोरं त्यांच्याजवळ ठेवून जा.