नाव छापण्याच्या बदल्यात चित्र द्यावे का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी २६ वर्षांची चित्रकार आहे. कोल्हापुरात जी. डी. आर्ट पूर्ण केल्यानंतर गेली ३ वर्षे मी शाळकरी मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घेते आणि उरलेल्या वेळात पुस्तकांसाठी चित्रे काढते. गेल्या महिन्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांना मुखपृष्ठासाठी एक रंगचित्र आणि आतील कथांसाठी ८ रेखाटने हवी आहेत. मानधनाविषयी विचारले, तेव्हा यंदा अंकाची आर्थिक ओढाताण असल्यामुळे ते देता येणार नाही, मात्र अंक महाराष्ट्रभर जातो, आपले नाव ठळकपणे छापले जाईल आणि त्यातून पुढची कामे आपोआप येतील, असे उत्तर मिळाले. हेच मुखपृष्ठ वापरून ते अंकाच्या नावाने एक दिनदर्शिकाही काढणार आहेत, हे बोलण्याच्या ओघात कळले. माझे वडील सुतारकाम करतात. ते म्हणाले, "दारावर तुझं नाव कोरू देतो, मजुरी मागू नकोस, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही." माझ्या शिक्षकांचे मत उलट आहे, सुरुवातीला असे करावेच लागते, असे ते सांगतात. नकार दिला तर 'मुलगी गर्विष्ठ आहे' असा बोभाटा या छोट्या क्षेत्रात होईल, अशी भीती वाटते. मी काय करावे?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ज्या स्वरूपात हा प्रस्ताव आपल्यापुढे आला आहे, त्या स्वरूपात तो स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वडिलांनी नेमके बोट ठेवले आहे. शिक्षकांच्या सांगण्यातही तथ्य आहे, परंतु ते वेगळ्या प्रकारच्या कामाला लागू पडते. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी नावाविषयी. आपले नाव छापणे ही संपादकांकडून मिळणारी सवलत आहे, असे आपल्या पत्रातून ध्वनित होते आणि बहुतेक नव्या चित्रकारांची तशीच समजूत असते. प्रत्यक्षात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलाकृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कलावंताचा असतो, आणि कॉपीराइट दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यानंतरही तो त्याच्याकडेच राहतो. आपल्या कलाकृतीची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाधा आणली गेली, तर दाद मागण्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले भव्य ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये भिंतीवरून उतरवून गोदामात टाकले गेले, तेव्हा त्यांनी याच कलमाच्या आधारे केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्पाची मालकी सरकारकडे होती, त्याचा मोबदला देऊन झालेला होता, तरीही कर्तेपण सहगल यांचेच राहिले होते. तेव्हा मानधनाऐवजी नाव छापतो असे जे सांगतात, ते आपल्याच मालकीची वस्तू आपल्याला किंमत म्हणून देऊ करतात. मानधन दिले असते तरी नाव छापावे लागलेच असते.

आता प्रसिद्धीविषयी. प्रसिद्धीला किंमत नाही असे मी म्हणत नाही. तिला किती किंमत आहे हे त्या संपादकांना पक्के ठाऊक असते, कारण त्यांच्याच कार्यालयात जाहिरातींचे दरपत्रक असते. मलपृष्ठाचा दर वेगळा, दुसऱ्या व तिसऱ्या कव्हरचा वेगळा, आतील पूर्ण पानाचा आणि अर्ध्या पानाचा वेगळा. अंक किती वाचकांपर्यंत पोहोचतो, यावरच तो दर ठरतो. अनुक्रमणिकेच्या पानावर तळाशी 'मुखपृष्ठ' आणि 'सजावट' या शब्दांपुढे येणाऱ्या एका ओळीला त्या दरपत्रकात स्थान नसते. प्रसिद्धी हाच मोबदला आहे, असे त्यांना मनापासून वाटत असेल, तर आपल्या चित्रकलेच्या वर्गाची अर्ध्या पानाची जाहिरात छापावी, असा प्रस्ताव आपण त्यांच्यापुढे ठेवून पाहावा. ती मागणी मान्य झाली, तर निदान किंमत ठरलेली एक वस्तू आपल्या हाती पडेल. अमान्य झाली, तर त्या प्रसिद्धीविषयी त्यांचे स्वतःचे मत काय आहे, हे आपल्याला कळेल.

मुखपृष्ठ ही अंकातील दुय्यम गोष्ट नाही, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नसावी. का. र. मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि पुढे दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी या अंकांना घराघरांत नेले. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे 'दीपावली' सुरू केले. स्टॉलवर शेजारी शेजारी मांडलेल्या अंकांतून वाचकाचा हात ज्या अंकाकडे जातो, त्यामागे पुष्कळदा मुखपृष्ठच असते. आपल्या चित्रामुळे अंकाला जेवढी प्रसिद्धी मिळेल, तिच्या मानाने अंकामुळे आपल्याला मिळणारी प्रसिद्धी किती, हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण नव्या चित्रकाराने उपकृत असावे हे आधीच गृहीत धरलेले असते.

पुढची कामे आपोआप येतात, हे खरे आहे. ती कोणती येतात, हे मात्र मी स्वानुभवाने सांगू शकतो. विशीत असताना मी एका अंकाची संपूर्ण सजावट विनामोबदला केली होती. नाव ठळकपणे छापले गेले. पुढच्या वर्षी आषाढ-श्रावणात मला ३ संपादकांची पत्रे आली, तिन्ही पत्रांत पहिल्या संपादकांचा उल्लेख होता आणि मानधन देता येणार नसल्याची दिलगिरीही होती. माझ्या रेखाटनांपेक्षा मी पैसे मागत नाही, ही बातमी अधिक दूरवर पोहोचली होती. तिथून बाहेर पडायला मला ४ वर्षे लागली, आणि त्या काळात माझ्याच वयाच्या एका मित्राला मिळणारी मानधनाची कामे माझ्यामुळे कमी झाली, ही गोष्ट मला आजही डाचते. विनामोबदला काम केल्याने फक्त आपलेच नुकसान होते असे समजू नये. ज्याला घरभाडे भरायचे आहे, अशा दुसऱ्या चित्रकाराचा दरही त्याने खाली येतो. अखेर ज्यांच्या घरचे त्यांना पोसू शकतात, तेवढेच चित्रकार या व्यवसायात टिकतात. सुताराच्या मुलीने चित्रकार व्हावे, अशी ज्यांची खरोखर इच्छा आहे, त्यांनी याचा विचार करायला हवा.

आर्थिक ओढाताणीचे कारण खोटे असेलच, असे नाही. दिवाळी अंक काढणे आज सोपे राहिलेले नाही, जाहिराती मिळवताना संपादकांची दमछाक होते, हे मी जवळून पाहिले आहे. तरीही कागद उधारीवर का होईना पैसे मोजूनच येतो. अक्षरजुळणी, छपाई आणि बांधणी यांची बिले भरावी लागतात, वितरकाचे कमिशन कापले जाते, टपालखर्च चुकत नाही. यांपैकी कोणालाही 'तुमचे नाव छापतो' असे सांगता येत नाही. ओढाताण असेल तर ती सर्वांनी मिळून सोसावी. चित्रकार आणि कवी यांनीच ती सोसावी, ही प्रथा पडली, कारण ते सहसा आधी काम देतात आणि नंतर विचारतात.

दिनदर्शिकेचा मुद्दा आपण जाता जाता लिहिला आहे, पण माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये एक तरतूद आहे, जी चित्रकारांनी लक्षपूर्वक वाचायला हवी. कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र काढले, किंवा छायाचित्र घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला कॉपीराइट काम सांगणाऱ्याकडे जातो. रेखाटनांचा उल्लेख त्या तरतुदीत नाही. याचा अर्थ असा, की मोबदला न घेता काढलेल्या मुखपृष्ठाचा कॉपीराइट आपल्याकडेच राहतो आणि आपल्या लेखी संमतीवाचून त्याची दिनदर्शिका काढता येत नाही. जे संपादक मोबदला देत नाहीत, त्यांच्याकडे हा हक्क आपसूक जात नाही, ही गोष्ट त्यांनाही बहुधा माहीत नसते. उलट, उद्या मानधन मिळू लागले, तर कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, असे एक वाक्य लिहून घेण्याची जबाबदारी आपल्यावर येते. कॉपीराइटचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते, असे कलम १९ सांगते. म्हणून 'सर्व हक्क संपादकांकडे' अशी मोघम ओळ असलेल्या कागदावर घाईने सही करू नये.

आता आपल्या शिक्षकांविषयी. त्यांच्या पिढीने साठच्या दशकातील लघुनियतकालिकांच्या, म्हणजे लेखक-कवींनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांच्या, गोष्टी ऐकलेल्या असतात. 'असो', 'वाचा' यांसारखे अंक काढणारे स्वतःच्या खिशाला खार लावून ते काढत होते. तिथे लिहिणारा, चित्र काढणारा आणि अंकाच्या प्रती वाटणारा हे एकाच पंगतीत बसलेले होते, आणि त्या पंगतीत कोणालाच वाढले जात नव्हते. राज्य नाट्य स्पर्धेत १९५४ पासून हौशी कलावंत दिवसभराची नोकरी करून रात्री तालमी करत आले, तेही कोणाच्या नफ्यासाठी नव्हे. अशा कामात विनामोबदला सहभागी होण्यात मला कमीपणा वाटत नाही. मी स्वतः आजही तसे करतो. आपल्याला मनापासून जवळच्या वाटणाऱ्या चळवळीसाठी, गावच्या शाळेसाठी किंवा मित्राच्या पहिल्या कवितासंग्रहासाठी आपण खुशाल चित्र द्यावे. फक्त ते आपण होऊन दिलेले असावे, आणि त्या कामातून दुसरे कोणी कमावत नसावे. आपल्यापुढील अंक जाहिराती घेतो, किंमत लावून विकला जातो आणि वर दिनदर्शिकाही काढणार आहे.

गर्विष्ठपणाच्या भीतीवर उपाय एकच : फोनवर घासाघीस न करता आपण लेखी उत्तर पाठवावे आणि ते सौम्य असावे. उदाहरणार्थ, "आपण माझ्या चित्रांचा विचार केलात याचा आनंद वाटला. मुखपृष्ठ आणि ८ रेखाटने यांसाठी मला साधारण १२ दिवस लागतील व त्यासाठी माझे मानधन अमुक आहे. हा वापर फक्त यंदाच्या अंकापुरता असेल, मूळ चित्रे व कॉपीराइट माझ्याकडे राहील आणि दिनदर्शिकेसाठी वेगळे बोलावे लागेल. अंकाला एवढा खर्च झेपणारा नसेल, तर मी केवळ मुखपृष्ठ करून देऊ शकेन." मानधनाचा आकडा ठरवताना ते १२ दिवस शिकवण्या बंद ठेवल्या तर किती उत्पन्न बुडेल, हे आधी मोजावे आणि त्याखाली उतरू नये. होकार आला तर कच्ची रेखाटने दाखवल्यावर निम्मी रक्कम मागावी. आपण 'उद्यम' ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी करून घेतली, जिला शुल्क लागत नाही, तर सूक्ष्म उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्कही आपल्याला सांगता येतो. अशा पत्रावर रागावणारे संपादक असतात, हे मी नाकारत नाही. त्यांच्या अंकात आपले चित्र नसले, तर त्याने आपली वाट अडणार नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अंक आम्ही काही सभासद वर्गणी काढून छापतो. त्याला जाहिराती नाहीत, संपादकालाही काही मिळत नाही. आम्हीही स्थानिक चित्रकारांकडून विनामूल्य चित्रे घेतो. आमचे चुकते का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या अंकात कोणीच कमावत नाही, त्यामुळे मागणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, मात्र कसे मागावे, याचे भान ठेवायला हवे. पैसे देता येणार नाहीत, हे पहिल्याच वाक्यात सांगावे, चित्रकाराने विचारेपर्यंत थांबू नये. पुढची कामे मिळतील, असे आमिष दाखवू नये. तसे वचन देणे आपल्या हातात नाही. चित्र एकदाच वापरावे. शक्य असल्यास रंग, कागद आणि प्रवासाचा खर्च वर्गणीतून द्यावा, कारण कलावंताने स्वतःच्या श्रमांबरोबर पदरचे पैसेही घालावेत, ही अपेक्षा कोणत्याही अर्थाने योग्य नाही. मुद्रकाला तुम्ही किती रक्कम देता, हे चित्रकाराला मोकळेपणाने सांगितले, तर तो स्वतःच ठरवील. त्याने नकार दिला, तर पुढच्या वर्षी त्याच्याशी तितक्याच आदराने बोलावे. आणि अंक छापून झाल्यावर मूळ चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट बांधून, आपल्यापैकी कोणीतरी त्याच्या घरी नेऊन द्यावे.