पडदा हिरवा असला, तरी मागचे चित्र कुणीतरी काढावेच लागते

पत्राचा सारांश: कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. मुलगी यंदा विज्ञान शाखेतून 58 टक्के गुण मिळवून बारावी झाली. अभियांत्रिकी तिला झेपणार नाही. पुण्यातील एका खासगी संस्थेत व्हीएफएक्सचा, म्हणजे चित्रपटातील दृश्य परिणामांचा, दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शुल्क साडेचार लाख आणि नोकरीची शंभर टक्के हमी. दुकान तारण ठेवून कर्ज काढण्याची माझी तयारी आहे. हल्ली ग्रीन स्क्रीनमुळे (हिरव्या पडद्यापुढे चित्रीकरण करून मागचे दृश्य नंतर बसवण्याच्या तंत्रामुळे) सगळे संगणकच करतो, त्यामुळे कमी गुणांची मुलेही या क्षेत्रात पुढे जातात असे समजले. मुलगी मात्र देखाव्यांचे पडदे रंगवत बसते. आजच्या काळात पडदे कोण रंगवून घेतो? कृपया तिला समजावून सांगावे.

उत्तर:

तुमचे तीन पानी पत्र मी दोनदा वाचले. त्यात मुलीचे गुण चार ठिकाणी आहेत, कर्जाचा उल्लेख त्याहून अधिक वेळा आहे आणि या सगळ्याविषयी तिला काय वाटते याबद्दल एकही वाक्य नाही. 58 टक्क्यांची मला चिंता वाटत नाही. दुकान तारण ठेवण्याची मात्र वाटते, कारण ज्या दुकानावर घर चालते ते गहाण टाकून शिकायला पाठवलेल्या मुलीला दुसऱ्याच महिन्यात ‘हे मला जमत नाही’ किंवा ‘हे मला आवडत नाही’ असे घरी सांगण्याची सोय उरत नाही. ती गप्प राहील, अभ्यासक्रम पुरा करील आणि मिळेल ती नोकरी धरील; तुम्हाला वाटेल की मार्गी लागली. तुम्ही हे प्रेमापोटी करीत आहात याविषयी मला शंका नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ते प्रेम आणि मासिक हप्ता यांत फारसा फरक राहत नाही. तेव्हा तिला समजावून सांगण्याचे काम मी करणार नाही. समजून घ्यायचे आहे ते तुम्ही.

तुमच्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही तक्रारीच्या सुरात, जाता जाता लिहिली आहे. गेल्या लग्नसराईत तुम्ही कापडाच्या दुकानातून हिरवे कापड आणून भिंतीवर लावले, त्यापुढे नवरीला उभे केले आणि मागे महालाचे चित्र बसवले, तर तिचा हिरवा चुडाच नाहीसा झाला आणि हात मनगटापासून वेगळे दिसू लागले. तेव्हा मुलगी म्हणाली, ‘बाबा, नवरीसाठी निळे कापड घ्या, आणि तिला भिंतीपासून आठ-दहा फूट पुढे उभी करा.’ तिने दुकानात लुडबुड केली असे तुम्ही म्हणता. या दोन सूचना ज्या मुलीला कुणी न शिकवता सुचल्या, तिला या कामातले मर्म कळलेले आहे, आणि ते तिला तुमच्याच दुकानात कळले आहे.

आता ‘सगळे संगणकच करतो’ या समजुतीविषयी. पडद्याचा रंग हिरवा ठेवण्याचे कारण असे की माणसाच्या त्वचेत तो फारसा नसतो, आणि बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर प्रत्येक चार प्रकाशबिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी राखलेले असल्याने तो रंग सर्वांत स्वच्छ नोंदला जातो. संगणक करतो ते एवढेच, की त्या रंगाची जागा रिकामी करतो. रिकामी करायचा रंग कोणता आणि ठेवायचा कोणता, हे त्याला कळत नाही. चुड्याचे जे झाले ते याचमुळे. पडद्याला एक सुरकुती पडली, एका कोपऱ्यात दिवा कमी पडला, की एकाच हिरव्याच्या दहा छटा होतात. माणूस पडद्याला चिकटून उभा राहिला, की हिरवा उजेड उलटून त्याच्या गालावर आणि केसांच्या कडेवर येतो. आठ-दहा फुटांचे अंतर त्यासाठीच हवे असते. शिवाय पडद्यावर वेगळा प्रकाश आणि माणसावर वेगळा, तोही मागे जे दृश्य बसवायचे आहे त्यातल्या सूर्याच्या दिशेने. एवढे सगळे नीट झाल्यावरही भुरभुरणारे केस, काचेचा पेला, धूर, जमिनीवरची सावली यांपाशी यंत्र अडखळतेच, आणि मग कुणीतरी बसून सेकंदाच्या चोवीस चौकटी एकेक करून हाताने कोरून काढतो. या कामाला रोटो म्हणतात. नव्याने लागलेल्या अनेक मुलांच्या वाट्याला आधी तेच येते, आणि आता नेमके तेच काम यंत्राकडे जाऊ लागले आहे. तुमच्या हमीपत्रातली नोकरी कोणत्या कामाची आहे, हे संस्थेकडून लेखी मागा.

रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवायचे, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या स्टुडिओत कठडा, जिना आणि बाग रंगवलेला जुना पडदा असेलच. बहुतेक गावांतल्या स्टुडिओंत असे. त्यापुढे उभा राहिलेला माणूस काही फोटोंत अधांतरी तरंगतो असे तुम्ही पाहिले असेल. पडदा रंगवणाऱ्याने क्षितिजरेषा एका उंचीवर धरलेली असते आणि कॅमेरा दुसऱ्याच उंचीवर लागतो, म्हणून तसे होते. अगदी हीच चूक कोट्यवधी रुपयांच्या चित्रपटात संगणकावर बसवलेल्या दृश्यातही होते, आणि ती ओळखायला डोळा चित्रकाराचाच लागतो. चित्रपटासाठी असे मागचे देखावे काढणाऱ्या कलेला आजही मॅट पेंटिंगच म्हणतात. कुंचल्याच्या जागी पेन आणि टॅब्लेट आले, एवढेच.

आणि हे कोल्हापूरकरांना मी सांगावे, याची थोडी गंमत वाटते. बाबुराव पेंटर आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव हे संगीत नाटकांचे पडदे रंगवणारे. त्या पडद्यांवरूनच ते चित्रपटाकडे वळले. त्यांच्याच तालमीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीच्या स्थापनेत होते. कंपनी 1933 मध्ये पुण्याला गेली, आणि 1960 मध्ये तिच्याच स्टुडिओच्या जागेत आजची एफटीआयआय ही चित्रपट शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. म्हणजे मुलीला ज्या पुण्याला पाठवायला तुम्ही निघाला आहात, तिथल्या चित्रपट शिक्षणाच्या मुळाशी तुमच्याच जिल्ह्यातले पडदे रंगवणारे आहेत.

‘शंभर टक्के हमी’विषयी एकच प्रसंग सांगतो. 2013 च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळाले, आणि ते काम करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीने त्याच्या अकराच दिवस आधी दिवाळखोरीचा अर्ज केलेला होता. त्या वेळी जगभरच्या कलाकारांनी निषेध म्हणून समाजमाध्यमांवर स्वतःच्या फोटोच्या जागी नुसता हिरवा चौकोन लावला: आमचे काम काढून घेतले तर तुमच्या चित्रपटात एवढेच उरेल, या अर्थाने. जगातले सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्यांना जी हमी नव्हती, ती तुम्हाला एका छापील माहितीपत्रकावर मिळते आहे. शिवाय तंत्रही एका जागी थांबत नाही. 2019 च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत हिरव्या पडद्याऐवजी पुष्कळ ठिकाणी एलईडीच्या प्रचंड भिंती वापरल्या आणि मागचे दृश्य चित्रीकरणाच्या वेळीच नटांच्या पाठीशी दिसू लागले. ते दृश्य मात्र आधी कुणीतरी तयार करून ठेवावे लागते, त्यामुळे चित्रकाराचे काम तिथे लांबणीवर न पडता उलट चित्रीकरणाच्या आधी आले.

परीक्षांचे म्हणाल, तर दृश्यकला पदवीसाठी राज्याची एएसी सीईटी आहे, डिझाइनसाठी यूसीड आणि एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट आहे, आणि पदवीनंतर एफटीआयआयचा कलादिग्दर्शन व प्रॉडक्शन डिझाइनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. यंदाची मुदत टळली असेल तर एक वर्ष जाऊ द्या. तोपर्यंत तिने सकाळी वस्तुचित्र आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) यांचा सराव करावा, दुपारी तुमच्या दुकानात बसावे, आणि ब्लेंडर हे त्रिमितीय दृश्ये तयार करण्याचे, मोफत मिळणारे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर शिकायला घ्यावे. या वर्षाला साडेचार लाख लागत नाहीत. वर्षाअखेरीस ती स्वतः म्हणाली की मला कंपोझिटिंगच (वेगवेगळी दृश्ये एकात बसवण्याचे काम) करायचे आहे, तर खुशाल संस्था शोधा. पण कर्ज दुकानावर नको, शैक्षणिक कर्जाची चौकशी बँकेत करा.

पुढचे पत्र तिला लिहू द्या, आणि तुम्ही ते टाकण्यापूर्वी वाचू नका. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी तिने रंगवलेला पंचगंगेच्या घाटाचा पडदा तुम्ही गुंडाळून माळ्यावर टाकल्याचे लिहिले आहे. तो खाली काढा आणि त्याचा एक फोटो तिच्या पत्रासोबत पाठवा. परत ठेवताना रंगाची बाजू बाहेर राहील असा, जाड नळीवर गुंडाळा. रंग आतल्या बाजूला दबला की तो चुरगळतो आणि पुढे तडे जाऊन त्याचे पोपडे निघतात.