रेट तोडले की भाव पाडले?

प्रश्न असा आलाय की दोन दुकानदार एकमेकांवर कुरघोडी करायला किमती कमी करत सुटतात, ज्याला प्राइस वॉर म्हणतात, त्याला मराठीत 'भाव पाडणे' म्हटलं तर चालेल का.

चालायला काय, चालेल, पण आमच्या नाशकात जरा जपून. इथं 'व्यापाऱ्यांनी भाव पाडले' म्हटलं की डोळ्यासमोर लासलगावच येतं, कांद्याच्या ट्रॅक्टरची रांग, लिलाव चालू आणि बोली काही वर सरकत नाहीये. म्हणजे तिथं पाडणारा हा घेणारा, आणि मार खातो विकणारा. प्राइस वॉरमधे नेमकं उलटं, विकणाराच भाव खाली आणतो आणि गिऱ्हाईक खूश. आणि 'पडले' की 'पाडले' हा वाद तर दर सीझनला असतोच, आवक वाढली म्हणून भाव पडले असं व्यापारी सांगतो, शेतकरी म्हणतो पडले नाहीत, पाडले. एका कान्यात अख्खा आरोप!

दुकानदारांचा आपसातला शब्द म्हणजे 'रेट तोडणे'. मेन रोडला किंवा रविवार कारंजाला एखाद्या दुकानात "समोर वीस रुपये कमी लावतोय" असं म्हणून बघा, "अहो भाऊ तो रेट तोडतोय, मला घरातच तेवढ्याला पडतं" असं ऐकायला मिळेल. घरात पडतं म्हणजे खरेदी अधिक भाडं-हमाली. आणि तुमची पाठ फिरली की "मार्केट खराब करून ठेवलंय त्यानं". माझ्या मते प्राइस वॉरचं सगळ्यात अस्सल मराठी हेच, 'रेट तोडणे'.

'दरयुद्ध' हा पेपरवाल्यांचा शब्द, चुकीचा नाही, सप्टेंबर 2016 ला जिओ आलं तेव्हा मोबाईल कंपन्यांत जे झालं त्याला शोभतो, पण दोन किराणा दुकानांना लावला तर हसू येतं.

कायद्यातली गोष्ट अजून वेगळी. 2002 च्या स्पर्धा कायद्यात स्पर्धकाला संपवायला खर्चाच्याही खाली विकण्यावर बंदी आहे, पण ती बाजारात वरचष्मा असलेल्यालाच. म्हणून तर जिओविरुद्धची एअरटेलची तक्रार स्पर्धा आयोगानं 2017 मधे फेटाळली, जिओ नवीन होतं, वरचष्मा कुठला. यासाठी रोजच्या बोलण्यात एक असा शब्द नाही, सरळ 'दुसऱ्याला बुडवायला तोट्यात विकणं' लिहावं.