तांबड्या समुद्रात बोट असताना घरच्यांनी काय करावं?

ताई, तुमचे यजमान ऑइलर (इंजिनरूममधले कामगार), बोट सुएझ ओलांडून तांबड्या समुद्रात उतरली आणि परवापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. सासूबाई बातम्यांसमोरून हलत नाहीत आणि कंपनीला फोन करावा की नको, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये. मी बोटीवर ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सचा अधिकारी होतो. इंटरनेटचा डोम (सॅटेलाइटचा घुमटासारखा अँटेना) माझ्याच ताब्यात असायचा, म्हणून आधी त्या एका टिकबद्दल बोलतो.

अशा ठिकाणी नेट बहुधा बिघडलेलं नसतं, मुद्दाम बंद केलेलं असतं. धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे जहाजांवर हल्ल्याची भीती असलेल्या पाण्यात, शिरण्याआधी बऱ्याच कंपन्या क्रूचं वाय-फाय बंद ठेवायला सांगतात. वीस-बावीस जणांपैकी एकानं जरी डेकवरचा फोटो स्टेटसला टाकला, तरी बोट कुठे आहे आणि वर सशस्त्र गार्ड आहेत की नाहीत, हे बाहेर कळतं. ब्रिजवरचा (बोट चालवतात त्या खोलीतला) सॅटेलाइट संपर्क मात्र चालू असतो, कॅप्टन कंपनीला रोज रिपोर्ट देत असतो. तुम्हाला खबर नाही, पण ऑफिसला आहे. सुएझपासून बाब-अल-मंदबपर्यंतच (तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची सामुद्रधुनी) साधारण चार दिवस लागतात, पुढे एडनचं आखात. तेव्हा आठवडाभराची शांतता मी नेहमीचीच धरतो. (२३ डिसेंबर २०२४ पासून बोटीवर इंटरनेट देण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, असं कुणीतरी तुम्हाला सांगेलच. आहे, पण 'शक्य असेल तितकं' ही सवलत त्यातच आहे. या पट्ट्यात त्यावरून भांडून उपयोग नाही.)

मोबाइलवर बोटीचा ठिपका दाखवणारं अ‍ॅप असेल तर या आठवड्यात ते उघडू नका, असा माझा आग्रह आहे. जिवाला धोका वाटला तर कॅप्टन एआयएस (बोटीची जागा प्रसारित करणारं यंत्र) बंद करू शकतो, नियमात तशी मुभा आहे. मग ठिपका जागच्या जागी गोठतो आणि घरी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. शिवाय तिथे जीपीएस जॅमिंग (सिग्नलमध्ये मुद्दाम केलेला गोंधळ) इतकं आहे की समुद्रातली बोट नकाशावर वाळवंटात उभी दिसते. मे २०२५ मध्ये जेद्दाजवळ एक मोठं कंटेनर जहाज उथळ जागी रुतलं, तेव्हाही जॅमिंगचंच कारण पुढे आलं होतं. ब्रिजवरच्या माणसांना जे यंत्र चकवतं, त्याच्या भरवशावर आपण घरी बसून काय निष्कर्ष काढणार?

सासूबाईंचा टीव्ही बंद होणार नाही, हे धरूनच चला. त्यांना एका कागदावर बोटीचं नाव आणि सात आकडी आयएमओ नंबर (बोटीचा कायमचा ओळख क्रमांक) मोठ्या अक्षरात लिहून द्या. एकाच नावाच्या अनेक बोटी असतात, नंबर मात्र एकाच बोटीचा. बातमीतलं नाव जुळलं, तरी नंबर तपासल्याशिवाय कुणी रडायला लागायचं नाही. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' टँकरवर क्षेपणास्त्र पडलं. त्यावर २२ भारतीय होते. आग मोठी होती, पण आयएनएस विशाखापट्टणमची माणसं मदतीला पोचली आणि सगळे वाचले. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या बोटीवरच्या हल्ल्यात मात्र तिघं गेले. म्हणून 'काही होत नाही हो' असं मी तुम्हाला म्हणणार नाही.

आता फोनचं. मॅनिंग ऑफिसच्या (क्रूची भरती करणाऱ्या ऑफिसच्या) रिसेप्शनला रोज फोन करू नका, तिथे कुणालाच काही ठाऊक नसतं. प्रत्येक कंपनीत डीपीए म्हणून किनाऱ्यावरचा एक जबाबदार अधिकारी असतो, त्याचा नंबर मागून घ्या. त्याला एकच विचारा: बोट ठीक आहे का आणि क्रूचं नेट अंदाजे कधी सुरू होईल. जागा विचारू नका, तो सांगणारही नाही. 'तुमच्या माणसाला पकडलंय, पैसे पाठवा' असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्या आणि डीपीएला कळवा.

पुढच्या वेळी ठरवून ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत. नेट बंद होण्याआधी यजमानांनी नुसतं 'आता गप्प, अंदाजे अमुक तारखेपर्यंत' एवढं लिहायचं. मार्ग नाही, बंदर नाही. त्या तारखेवर दोन दिवस धरायचे आणि मगच डीपीएला फोन करायचा. त्यांचं भारतातलं सिम घरी, एखाद्या जुन्या हँडसेटमध्ये चालू ठेवा, रिचार्ज चुकवू नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. शिवाय समुद्रात त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट झालं, तर कोडही त्याच नंबरवर येणार. मग तो बोटीच्या ईमेलवरून कळवता येतो.

या पट्ट्यात जायचंच नाही, असं त्यांना वाटलं तर? आयटीएफ-आयबीएफ करारातल्या (खलाशांच्या आंतरराष्ट्रीय युनियननं जहाज कंपन्यांशी केलेल्या करारातल्या) बोटींवर युद्धसदृश जाहीर झालेल्या भागात जायला नकार देता येतो आणि परत पाठवण्याचा खर्च कंपनीचा असतो. पण हे आधी विचारायचं असतं, बाब-अल-मंदबच्या तोंडाशी नव्हे. त्यांचा करार कुठला, ते साइन ऑफनंतर (बोटीवरून उतरल्यावर) निवांत वाचा.

तोवर दिवसाला एकच मेसेज टाकत जा, लेखी. पोराची शाळा, आईचं बीपी, गॅस आला की नाही, सगळं त्यातच. तापलेल्या इंजिनरूममधली वॉच (पाळी) संपवून आलेला माणूस चाळीस मेसेज उघडत बसत नाही. आणि दोन टिक दिसल्या म्हणून लगेच व्हिडिओ कॉल लावू नका. त्या वेळी अख्खा क्रू एकाच डोमवर तुटून पडलेला असतो, नेट रांगत असतं. ते झोपून उठले की स्वतःच करतील.