सगळे हात त्याचेच, तरी पत्ता टाकेना

प्रश्न : ऑनलाइन ब्रिजमध्ये उरलेले सगळे हात पक्के असूनही समोरचा एकेक पत्ता घोळवत बसतो. मुद्दाम छळतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बऱ्याचदा नवखा असतो हो, क्लेमचं, म्हणजे ‘उरलेले हात माझेच’ असं सांगून डाव तिथेच संपवायचं बटण त्याला ठाऊकच नसतं. पण हातात नुसते हुकूम उरलेत आणि तरी ताटकळवतोय, तो खोडसाळच! प्रतिस्पर्ध्याला बेचैन करायला डाव उगाच लांबवू नये, असं ब्रिजच्या नियमावलीत ७४व्या कलमात स्पष्ट आहे. क्लबात मी सरळ डायरेक्टरला, म्हणजे पंचाला हाक मारते. ऑनलाइन स्पर्धेतही मारावी. टाइमपास टेबलवर मात्र डाव संपला की उठायचं. मध्येच पळालात तर भिडूचा खोळंबा, आणि त्या बिचाऱ्याने काय घोडं मारलंय? हुकमाची राणी कोणाकडे याचा हिशेब करणाऱ्याला मात्र घाई करू नका.