दोनास पाच: मोलचा गोंधळ एका टायट्रेशनमध्ये सुटतो

तुम्ही विचारलंय, "एफवाय बीएस्सीला आहे. बारावीला केमिस्ट्रीत चांगले मार्क होते, पण मोल, मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी आलं की सगळं गडबडतं. पाया पक्का करायला कोणतं पुस्तक घेऊ?"

पुस्तकाचं नंतर बघू. गडबड ‘एम-वन व्ही-वन बरोबर एम-टू व्ही-टू’ या एका ओळीची आहे, आणि ती ओळ मुलांकडून घोकून घेणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे. यातला एम म्हणजे मोलॅरिटी, एका लिटर द्रावणातले मोल, आणि व्ही म्हणजे आकारमान. मोल म्हणजे डझनासारखी कणांची ठरावीक संख्या. हे सूत्र डायल्यूशनचं, म्हणजे पाणी घालून द्रावण पातळ करण्याचं. द्रावणात पाणी घातलं तरी मोल तेवढेच राहतात, म्हणून ते चालतं. दोन पदार्थांच्या रिॲक्शनला ते लावायचं तर प्रमाण एकास एक असावं लागतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं तसं आहे, म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं आणि चुकीची सवय पक्की होते.

आता बारावीतलंच टायट्रेशन घ्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून घालत रिॲक्शन पुरी होईपर्यंत जाणं. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड, वर एक टेस्ट ट्यूब डायल्यूट सल्फ्युरिक, गरम करून फिकट गुलाबीपर्यंत. ऑक्झॅलिक ०.०५ मोलर आहे आणि सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग, आला १०.० मिली. वरच्या सूत्रात घाला, परमँगनेट ०.०५ मोलर येईल. खरं उत्तर ०.०२ आहे. अडीच पट चूक, आणि आकडेमोडीत कुठेही खोट दिसणार नाही.

मोल मोजा. १० मिली गुणिले ०.०५ म्हणजे ०.५ मिलिमोल ऑक्झॅलिक. ऑक्झलेटमधले दोन कार्बन अधिक ३ वरून अधिक ४ वर जातात, म्हणजे दर रेणूमागे २ इलेक्ट्रॉन सुटतात. मँगनीज अधिक ७ वरून अधिक २ वर येतं, ५ इलेक्ट्रॉन घेतं. म्हणून २ परमँगनेटला ५ ऑक्झलेट. ०.५ चे दोन पंचमांश ०.२ मिलिमोल, ते १० मिलीत, म्हणजे ०.०२ मोलर. सूत्र लागलंच नाही.

हे दोनास पाच एकदा मनात बसलं की प्रॅक्टिकलमधली जवळजवळ प्रत्येक चूक त्यातून कळते. ॲसिड कमी पडलं की फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. ते मँगनीज डायऑक्साइड. मँगनीज अधिक ४ वरच थांबलं, ५ ऐवजी ३ इलेक्ट्रॉन घेतले, म्हणून परमँगनेट जास्त लागतं आणि रीडिंग वाढतं. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं, रीडिंग पुन्हा वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडायझर, त्याने रीडिंग घटतं. उकळी येऊ दिली तर ऑक्झॅलिक तुटतं, पुन्हा रीडिंग कमी. ६० ते ७० अंश पुरे.

पहिल्या काही थेंबांचा रंग लवकर जात नाही. तो एंड पॉइंट, म्हणजे रिॲक्शन संपल्याची खूण, समजून नळी बंद करणारे दरवर्षी असतात. या रिॲक्शनला वेग देतं ते तिच्यातूनच तयार होणारं मँगनीज अधिक २, आणि सुरुवातीला ते नसतंच. थोडं परमँगनेट घालून हलवत थांबा, रंग गेला की पुढे भराभर जाईल. शेवटी गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला पाहिजे. द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये वरची कड वाचा, खालची दिसतच नाही. ब्युरेट आणि पिपेट त्या-त्या द्रावणाने विसळा, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. फ्लास्क ऑक्झॅलिकने विसळलात तर जादा मोल आत राहिले, आणि मोजतोय आपण मोलच.

वजन करतानाची एक हमखास चूक. बाटलीतलं ऑक्झॅलिक दोन पाण्याचं असतं, म्हणजे दर रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू, म्हणून मोलर मास (एका मोलचं वजन) १२६. २५० मिली ०.०५ मोलरसाठी १.५७५ ग्रॅम लागतं. कुणी पाणी विसरून ९० धरून १.१२५ ग्रॅम घेतं, द्रावण ०.०३६ मोलरच्या आसपास होतं आणि ०.०२ मोलर परमँगनेटने रीडिंग १० ऐवजी ७.१ येतं. मग जर्नलात शेजाऱ्याचं रीडिंग उतरवलं जातं. त्या ७.१ वरून उलटं जाऊन चूक शोधली असती तर त्या तासाला मोल कायमचा कळला असता. हे उतरवून घेणं खपवून घेतलं जातं याची मला खरंच चीड आहे.

नॉर्मॅलिटी म्हणजे इथे मोलॅरिटी गुणिले दर रेणूमागचे इलेक्ट्रॉन. तिने हेच गणित सरळ सुटतं, दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल. म्हणूनच ती सोपी वाटते: दोनास पाच ती पोटात लपवते. तीच ०.०२ मोलरची बाटली ॲसिडमध्ये ०.१ नॉर्मल, पण न्यूट्रल द्रावणात ०.०६, कारण तिथे इलेक्ट्रॉन ३. रिॲक्शन न सांगता बाटलीवर नॉर्मॅलिटी लिहिणं अर्धवट आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक गणित मोलने करा.

लॉग टेबलमधून ०.०१९८७ आलं म्हणून तसंच लिहू नका. ब्युरेटचा लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वात लहान माप, ०.१ मिली असेल तर १० मिलीत एक टक्का तिथेच गेला. ०.०१९९ पुरे.

तरी एक कबूल करतो, पाठांतर अजिबात नको असं नाही. नेहमीचे तीस-चाळीस आयन, त्यांची नावं आणि चार्ज तोंडपाठ हवेतच, नाहीतर इक्वेशन बॅलन्सच होणार नाही. आणि रोज त्याच रिॲक्शनची शंभर टायट्रेशनं करणाऱ्या लॅबला नॉर्मॅलिटी सोयीची पडते, ते चूक नाही.

पुस्तक सिलॅबसमधलं कुठलंही चालेल. फक्त स्टॉइकिओमेट्रीच्या (रिॲक्शनमधल्या मोलच्या प्रमाणाच्या) धड्याच्या शेवटी निदान पन्नास गणितं असावीत आणि सोडवलेल्या उदाहरणांत प्रत्येक ओळीला एकक लिहिलेलं असावं. बॉन्डिंग आणि ऑर्बिटल्स नंतर, आधी हा धडा पूर्ण करा.