एटीआरवर आहे, एकूण 1500 तास होत आले, आता कमांड मिळेल का?

तुमचा प्रश्न असा: नागपूरचे आहात, एटीआर 72 या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर एफओ (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक) आहात, एकूण तास 1500 च्या जवळ आलेत, तर कॅप्टन अपग्रेड, म्हणजे कमांड, कधी आणि त्यासाठी तयारी काय.

1500 तासांवर एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं वरचं लायसन्स) मिळू शकतं, कमांड नाही. कमांडसाठी तुमच्या कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये टाइपवरच्या (त्याच प्रकारच्या विमानावरच्या) तासांची वेगळी अट असते आणि ती कंपनीगणिक बदलते. ते पान आजच ट्रेनिंग विभागाकडून मागून घ्या, क्रू रूममधल्या चर्चेवर राहू नका.

एटीपीएलमध्येही बहुतेकांचं घोडं एकूण तासांत अडत नाही, तासांच्या प्रकारात अडतं. रात्रीचे 100 तास लागतात. उडान या सरकारी प्रादेशिक विमानसेवा योजनेतल्या कित्येक छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरायची सोय नसल्यामुळे एटीआरचा रोस्टर बराचसा दिवसाचा असतो, आणि 1500 झाले तरी रात्रीचा रकाना रिकामाच दिसतो. संध्याकाळनंतरचे सेक्टर (फेऱ्या) आतापासूनच मागून घ्या. दुसरी अडचण पीआयसी अंडर सुपरव्हिजनची, म्हणजे कॅप्टनच्या देखरेखीखाली विमानप्रमुख (पीआयसी) म्हणून उडवलेल्या तासांची. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं पहिलं लायसन्स) करताना मिळालेले पीआयसी तास तिथे पुरत नाहीत, बाकीचे देखरेखीखाली भरावे लागतात, आणि त्या नोंदीला कॅप्टनची सही लागते. सही त्याच दिवशी घ्या. दोन वर्षांनी ते कॅप्टन दुसऱ्या कंपनीत असतात आणि ईजीसीएवरची (डीजीसीए या हवाई नियामकाच्या पोर्टलवरची) नोंद व तुमची वही जुळत नाही. नॅव्हिगेशन, मेटेरॉलॉजी आणि रेडिओ एड्स-इन्स्ट्रुमेंट्सचे पेपर (पास व्हायला 70 टक्के) राहिले असतील तर तासांची वाट न पाहता देऊन टाका.

पुढे कंपनीची निवड: ट्रेनिंग रेकॉर्ड, टेक्निकल पेपर, पॅनेलची मुलाखत. पॅनेलमध्ये पाठांतराने फार काही साधत नाही. नागपूरच्या सोनेगावचंच उदाहरण घ्या. विमानतळाची उंची 1,033 फूट. मे महिन्यात दुपारी पारा 45 वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) 4,800 फुटांच्या आसपास जाते. त्यात अमरावतीसारखी 1,850 मीटरची धावपट्टी असेल, तर वजन कुठे अडतं, इंधन कमी करायचं की सामान उतरवायचं, आणि वाटेत ढग उभे राहिले तर अल्टरनेट (पर्यायी विमानतळ) कोणता, हे कागद-पेन्सिलने मांडता यायला हवं. रोजच्या फ्लाइटआधी हा हिशोब कॅप्टनच्या आधी स्वतः करून बघा. मला विचाराल तर यापेक्षा चांगला अभ्यास नाही.

मग डावी सीट. इथे हात उलटे होतात. उजवीकडे बसून तुमचा डावा हात पॉवर लिव्हरवर आणि उजवा कंट्रोल व्हीलवर मुरलेला असतो. डावीकडे गेलात की नेमकं उलट, आणि शिवाय डाव्या बाजूला नोजव्हीलचा टिलर (जमिनीवर पुढचं चाक वळवायचा दांडा) येतो. एटीआरवर टिलर फक्त कॅप्टनकडे असतो, म्हणून टेकऑफ तुमचा असला तरी साधारण 70 नॉटपर्यंत दिशा कॅप्टन सांभाळतो आणि लँडिंगनंतर वेग त्याखाली आला की पुन्हा तोच घेतो. थोडक्यात, कमी वेगात क्रॉसविंडमध्ये विमान सरळ ठेवण्याचा सराव एफओला जवळपास नसतो. पहिल्या दिवशी हमखास दिसणारी चूक: नजर नाकाजवळच्या पिवळ्या रेषेवर, टिलर झटक्यात फिरवलेला आणि टॅक्सीचा वेग जास्त. नजर लांब टाका, टिलर इंचाइंचाने फिरवा.

सिम्युलेटरमध्ये बहुतेक जण घाईमुळे पडतात. व्ही-वनला (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवत नाहीत) इंजिन गेलं की एटीपीसीएस ही स्वयंचलित यंत्रणा स्वतःच बंद इंजिनाचा प्रॉपेलर फेदर करते (पाती हवेला कमी अडतील अशी वळवते) आणि दुसऱ्याची ताकद वाढवते, म्हणजे हात घालायला सवड असते. आधी विमान सरळ आणि चढतं ठेवा, मग कोणतं इंजिन ते मोठ्याने बोला, एफओकडून खात्री करून घ्या, तोवर लिव्हरला हात लावू नका. 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर 72-600 वर चालू इंजिन बंद केलं गेलं. 58 जणांपैकी 43 गेले. त्या कॅप्टनचं आदल्या वर्षीचं अपग्रेडचं मूल्यमापन पहिल्या खेपेला नापास झालं होतं, नंतर पास केलं गेलं. तपास अहवालातला हा भाग अपग्रेडला बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावाच.

सिम्युलेटर झाल्यावर ट्रेनिंग कॅप्टनसोबत डाव्या सीटवरून सुपरव्हाइज्ड लाइन फ्लाइंग (प्रवाशांच्या नेहमीच्या फेऱ्या देखरेखीखाली), मग रूट चेक (फेरीवरच घेतलेली परीक्षा), मग लायसन्सवर पीआयसीची नोंद. वेळापत्रक बघताना पावसाळा धरा. खराब हवामानात टेकऑफ-लँडिंग कॅप्टननेच करायचं, एफओला द्यायचं नाही, असा नियम आहे. जून ते सप्टेंबरमध्ये तुमची लँडिंग्ज घटतात, ती भरून काढायला हिवाळा धरा, पण डिसेंबर-जानेवारीत नागपूरला सकाळी धुकं असतं हेही लक्षात असू द्या.

एखादा चेक नापास झालात तर जादा सेशन मिळतात किंवा काही काळ परत उजवीकडे बसवतात. अशा वेळी लेखी शेरा मागून घ्या आणि त्यातला नेमका मुद्दा पुढच्या सेशनमध्ये ट्रेनरला आधीच सांगा.